वारसा द्यायचा, तर लेखी द्या!

जमीन, घर वा दागिने यांच्या वाटणीवरून होणारे तंटे आपल्याकडे नवे नाहीत. वडीलधाऱ्यांच्या मनात काय होते, हे घरातल्या प्रत्येकाला 'ठाऊक' असते. कागदावर मात्र काहीच नसते. ती व्यक्ती गेली, की प्रत्येक वारसदार त्या मौनाचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो आणि प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत जाते. संगणकाच्या आज्ञावलींमध्येही असे वारशाचे तंटे रोज उभे राहतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. पण ही केवळ उपमा नव्हे. आजच्या बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरची उभारणी ज्या पद्धतीने होते, तिच्यात 'वारसा' ही एक रूढ तांत्रिक संज्ञाच आहे. बँकेतील खात्यांचा हिशेब, विम्याचे हप्ते, मोबाइलचे बिल, लढाऊ विमानाचे नियंत्रण अशा नाना ठिकाणी ही पद्धत वापरली जाते.

हा वारसा कोणी, कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यावा, याचे नियम गेल्या काही दशकांच्या अनुभवातून बऱ्यापैकी ठरलेले आहेत. अडचण आहे ती नियम ठरवण्याची नव्हे, ते पाळले जातात की नाही हे पाहण्याची. लक्षावधी ओळींची आज्ञावली डोळ्यांनी वाचून हे काम होणारे नाही. म्हणून ते एका दुसऱ्या आज्ञावलीकडे सोपवले जाते. ही दुसरी आज्ञावली पहिली चालवून पाहत नाही, नुसती वाचते आणि जिथे नियमभंग दिसेल तिथे बोट ठेवते. या तपासणीला 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस' म्हणतात. ती काय करू शकते, काय करू शकत नाही आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

क्लास म्हणजे काय?

१९६० च्या दशकात नॉर्वेमधील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 'सिम्युला' नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत 'क्लास' ही कल्पना आली. क्लास म्हणजे साचा. 'खाते' या साच्यात दोन गोष्टी सांगितलेल्या असतात: प्रत्येक खात्याजवळ कोणती माहिती असेल (क्रमांक, शिल्लक), आणि त्या खात्यावर कोणत्या क्रिया करता येतील (जमा, काढणे, वळते करणे). या क्रियांना आपण फंक्शन म्हणू. एकदा साचा तयार झाला, की त्यातून लाखो खाती काढता येतात.

पुढची पायरी वारशाची. बचत खाते, चालू खाते, अज्ञान मुलाचे खाते हे सारे 'खाते'च आहेत. थोडेफार वेगळेपण एवढेच. तेव्हा प्रत्येकासाठी सारे पुन्हा लिहिण्याऐवजी 'बचत खाते' या क्लासने 'खाते' या क्लासकडून सर्व काही वारशाने घ्यावे आणि जिथे वेगळे वागायचे असेल तिथे तेवढे एखादे फंक्शन स्वतःचे लिहावे, अशी ही सोय. १९७९ पासून ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी घडवलेली सी प्लस प्लस आणि १९९५ साली आलेली जावा या भाषांनी ही सोय जगभर पोहोचवली.

सोय मोठी, पण तिच्यात एक मेख आहे. वारसदार क्लास लिहिणाऱ्याला मूळ क्लासच्या केवळ वरवरच्या वागण्यावर विसंबून भागत नाही; नकळत तो त्याच्या आतल्या रचनेवरही विसंबू लागतो. ही रचना मूळ लेखकाने कोठेही कबूल केलेली नसते.

शंभर पगार, दुप्पट शुल्क

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'खाते' या क्लासमध्ये दोन फंक्शने आहेत. एक 'वळते करा', म्हणजे एक रक्कम एका ठिकाणी पाठवणे. दुसरे 'यादीने वळते करा', म्हणजे कारखान्याच्या शंभर कामगारांचे पगार एका झटक्यात पाठवणे. मूळ लेखकाने दुसरे फंक्शन सोप्या रीतीने लिहिले: यादीतील प्रत्येक नावासाठी पहिले फंक्शन बोलवायचे.

आता दुसऱ्या गटातील प्रोग्रॅमरला 'शुल्क खाते' हा वारसदार क्लास लिहायचा आहे. प्रत्येक व्यवहारामागे ५ रुपये कापायचे. तो दोन्ही फंक्शने नव्याने लिहितो. 'वळते करा'मध्ये ५ रुपये कापून मूळ फंक्शन बोलावतो. 'यादीने वळते करा'मध्ये नावांच्या संख्येनुसार ५०० रुपये कापून मूळ फंक्शन बोलावतो. वाचायला सारे बरोबर. पण मूळ यादी-फंक्शन आतून प्रत्येक नावासाठी 'वळते करा' बोलावते, आणि ते आता वारसदाराचे असते. परिणामी शंभर वेळा पुन्हा ५ रुपये कापले जातात. ग्राहकाचे ५०० ऐवजी १००० रुपये गेले!

चूक लक्षात येते. प्रोग्रॅमर आपले यादी-फंक्शन काढून टाकतो आणि हिशेब जुळतो. दोन वर्षांनी मूळ क्लासचा लेखक वेग वाढवण्यासाठी यादी-फंक्शन बदलतो. ते आता 'वळते करा' बोलावत नाही, सारे काम स्वतःच करते. बाहेरून पाहता काहीही बदललेले नाही. पगार पूर्वीप्रमाणेच पोहोचतात. पण 'शुल्क खात्या'तून त्या दिवसापासून शुल्क कापलेच जात नाही. आधी ग्राहकाला भुर्दंड बसला, आता बँकेला. 'शुल्क खाते' लिहिणाऱ्याने त्या दिवशी एक अक्षरही बदललेले नसते आणि मूळ लेखकाने आपला शब्द मोडलेला नसतो, कारण त्याने शब्द दिलेलाच नव्हता. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरही चकार शब्द काढत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने सारे शुद्धच असते.

मनातला नियम आणि कागदावरचा नियम

जोशुआ ब्लॉक हे जावा भाषेच्या मूळ ग्रंथालयाचा मोठा भाग रचणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या दुखण्यावर एक रोखठोक नियम आहे. त्याचा आशय असा, की क्लास वारशासाठी मुद्दाम रचावा आणि त्याची आतली वागणूक लिहून ठेवावी. तसे करायचे नसेल, तर वारसाच बंद करावा. जावामध्ये 'फायनल' हा एक शब्द लिहिला, की त्या क्लासचा वारस कोणालाही होता येत नाही. मृत्युपत्र तरी करा किंवा मालमत्ता कुलूपबंद तरी ठेवा. अधांतरी सोडू नका, असाच हा सल्ला.

नियम न पाळल्यास काय होते, याचे दाखले खुद्द जावामध्येच आहेत. १९९६ साली आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीत 'स्टॅक' हा क्लास 'व्हेक्टर' या क्लासचा वारस करण्यात आला. स्टॅक म्हणजे ताटांची चवड: ठेवायचे ते वर, काढायचे तेही वरूनच. पण व्हेक्टर ही साधी यादी असल्याने तिच्यात कोठेही काहीही घुसवता येते. वारशाने ही मुभा स्टॅकलाही मिळाली आणि चवडीच्या मधोमध ताट सरकवणे शक्य झाले. 'प्रॉपर्टीज' या क्लासचेही तेच. त्यात केवळ मजकूर असावा अशी अपेक्षा. पण तो 'हॅशटेबल'चा वारस असल्याने त्यात काहीही भरता येते, आणि मग तो जतन करताना आज्ञावली कोसळते. या चुका सर्वांना ठाऊक आहेत. तरीही सुमारे तीस वर्षांनंतर त्या तशाच आहेत, कारण जगभरातील असंख्य आज्ञावली त्यांवर विसंबून आहेत. वारसा एकदा दिला, की परत घेता येत नाही.

याउलट मजकूर साठवणारा 'स्ट्रिंग' हा जावामधील बहुधा सर्वाधिक वापरला जाणारा क्लास पहिल्यापासून 'फायनल' आहे. त्यामागे सुरक्षेचा विचार आहे. समजा, एखादी आज्ञावली फाइलचे नाव तपासते आणि मग ती फाइल उघडते. 'स्ट्रिंग'चा वारस होता आले असते, तर तपासणीच्या वेळी एक नाव आणि उघडताना दुसरेच नाव सांगणारा लबाड वारस कोणीही बनवू शकला असता.

सी प्लस प्लसचे दुखणे वेगळे. तेथे एखादी वस्तू निकालात काढताना चालणारे 'डिस्ट्रक्टर' हे फंक्शन मूळ क्लासमध्ये 'व्हर्च्युअल' म्हणून जाहीर केलेले नसेल आणि वारसाची वस्तू मूळ क्लासच्या नावाने नष्ट केली, तर पुढे काय होईल याची हमी भाषा देत नाही. बहुधा वारसाने अडवलेली स्मृती मोकळी होत नाही आणि गळती सुरू होते. एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी लॉकहीड मार्टिनने डिसेंबर २००५ मध्ये जी नियमावली काढली, तिच्यात दोनशेहून अधिक नियम आहेत आणि हा डिस्ट्रक्टरचा नियम त्यांत आहे. ती तयार करण्यात स्वतः स्ट्राउस्ट्रुप यांचाही सहभाग होता. या नियमावलीतील भाषा पाहण्यासारखी आहे. काही नियम सल्ल्याचे, काही बंधनकारक आणि काही बंधनकारक असून शिवाय त्यांची पडताळणी झालीच पाहिजे असे. नियम मोडायचा झाल्यास कोणाची संमती लागेल, हेही तिच्यात ठरवून दिलेले आहे.

न चालवता केलेली तपासणी

नियम लिहिला, म्हणून पाळला जातो असे नाही. बांधकाम नियमावली असूनही गॅलऱ्या बंदिस्त होतातच. तेव्हा पाहणी करणारा हवा. या कामासाठी पहिले प्रसिद्ध साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी केले. त्याचे नाव 'लिंट'. कपड्यावर चिकटलेल्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. आज्ञावलीवरचे असे तंतू टिपायचे, ही कल्पना. १९७८ साली त्यांनी त्यावरील टिपण प्रसिद्ध केले. कंपायलरला घाई असते, त्याला भाषांतर उरकायचे असते. लिंटने सवडीने, संशयी नजरेने वाचावे, अशी ही कामाची वाटणी होती.

क्लासच्या रचनेचे नियम तपासणारी साधने नव्या शतकाच्या आरंभी आली. जावासाठी 'चेकस्टाइल' आणि 'पीएमडी' ही साधने २००१-०२ च्या सुमारास, तर अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात डेव्हिड होवमायर आणि बिल प्यू यांनी केलेले 'फाइंडबग्ज' त्यानंतर थोड्याच अवधीत. फाइंडबग्जचे काम पुढे 'स्पॉटबग्ज' या नावाने सुरू राहिले आहे.

ही साधने काम कसे करतात? आज्ञावलीचा मजकूर प्रथम शब्दांत तोडला जातो आणि मग त्याचा एक वृक्ष बनवला जातो. शाळेत आपण वाक्याचे पृथक्करण करून कर्ता, कर्म, क्रियापद वेगळे काढत असू, तसाच हा प्रकार. वृक्षाच्या बुंध्याशी फाइल, तिच्या फांद्या म्हणजे क्लास, उपफांद्या म्हणजे फंक्शने. नियम म्हणजे या वृक्षाला विचारलेल्या प्रश्नांची साखळी.

ब्लॉक यांचा वारशाचा नियमच पाहा. चेकस्टाइलमध्ये त्यासाठी एक खास तपासणी आहे. तिचा क्रम साधारण असा. क्लास 'फायनल' आहे का? असेल तर प्रश्न मिटला. वारस होणारच नाही. नसेल, तर त्यातील प्रत्येक फंक्शन पाहा. ते खासगी आहे का? 'फायनल' आहे का? केवळ नाव जाहीर करून काम वारसावर सोपवलेले आहे का? आतून रिकामे आहे का? वारसांसाठी त्यावर स्पष्टीकरणाची टीप लिहिलेली आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर पुढे चला. साऱ्यांचे 'नाही' असेल, तर इशारा द्या: हे फंक्शन वारसाला बदलता येते, पण त्याबद्दल कोणी काहीच ठरवलेले नाही. आपल्या काल्पनिक बँकेतील 'यादीने वळते करा' हे फंक्शन या चाळणीत पहिल्याच दिवशी अडकले असते.

आणखी एक सोपा नियम: ज्या क्लासने 'दोन वस्तू समान केव्हा मानाव्यात' हे ठरवणारे 'इक्वल्स' लिहिले, त्याने 'हॅशकोड'ही लिहिलेच पाहिजे. हॅशकोड म्हणजे वस्तूचा जणू पिनकोड. कोणत्या कप्प्यात ती शोधायची हे त्यावरून ठरते. दोन पाकिटांवरचा पत्ता एकच, पण पिनकोड वेगवेगळे असतील, तर टपाल भलत्याच कार्यालयात जाऊन पडेल. आज्ञावलीतही तसेच होते: नोंद असते, पण सापडत नाही. माणसाच्या नजरेतून ही उणीव सहज सुटते, कारण ती 'नसलेल्या' ओळीची आहे. यंत्राला मात्र असलेले आणि नसलेले सारखेच दिसते.

नजरेआडची साखळी

काही नियम एका फंक्शनपुरते पाहून तपासता येत नाहीत. वस्तू जन्माला येताना चालणाऱ्या फंक्शनला 'कन्स्ट्रक्टर' म्हणतात. नियम असा, की वारसाला बदलता येईल असे कोणतेही फंक्शन कन्स्ट्रक्टरने बोलवू नये. कारण आधी मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो, वारसाचा नंतर. मधल्या काळात वारसाचे एखादे फंक्शन बोलावले गेले, तर त्याची स्वतःची माहिती अजून भरलेलीच नसते. घराला छप्पर पडण्याआधीच पाहुणे येऊन ठेपावेत, तशी ही अवस्था.

हा नियमभंग क्वचितच उघडपणे दिसतो. कन्स्ट्रक्टर एका खासगी फंक्शनला बोलावतो, ते दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला, आणि ते तिसरे वारसाला बदलता येण्याजोगे असते. तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या वर्षी लिहिलेल्या या कड्या एकत्र वाचणारे कोणी नसते. विश्लेषण करणारे साधन मात्र कोण कोणाला बोलावतो याचा नकाशा तयार करते आणि त्या वाटेने शेवटपर्यंत चालत जाते. पीएमडीमध्ये नेमकी ही तपासणी आहे. चाचणी घेऊन अशी चूक सापडेलच असे नाही. चाचणी त्या क्षणी ज्या वाटेने गेली, तेवढेच पाहते. न चालवता वाचणारे साधन मात्र चाचणी कधीच न गेलेल्या वाटाही पाहते.

सर्वज्ञ यंत्र का नाही?

मग असे साधन बसवले, की सारे सुरळीत होईल का? नाही, आणि त्याचे कारण गणितात आहे. १९५३ साली हेन्री गॉर्डन राइस या गणितज्ञाने सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, आज्ञावली चालल्यावर काय करील याविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे, सर्व आज्ञावलींसाठी, नेहमी अचूक उत्तर देणारे यंत्र असूच शकत नाही. तेव्हा साधनाला दोहोंपैकी एक तडजोड करावीच लागते: काही चुका सुटू द्यायच्या किंवा काही निर्दोषांवर संशय घ्यायचा.

पहिली तडजोड नको असेल, तर दुसरीची किंमत मोजावी लागते, किंवा साधन एका विशिष्ट प्रकारच्या आज्ञावलीपुरते घासूनपुसून घ्यावे लागते. फ्रान्समध्ये पात्रिक कुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या 'आस्त्रे' या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या मुख्य उड्डाण-नियंत्रणाच्या सुमारे १ लाख ३२ हजार ओळी तपासून त्यांत चालताना उद्भवणाऱ्या ठरावीक प्रकारच्या चुका नाहीत, हे सिद्ध केले. पण असे यश सरसकट सर्व सॉफ्टवेअरच्या वाट्याला येत नाही.

क्लासच्या रचनेचे नियम यातून काहीसे सुटतात, कारण त्यांतील बरेचसे आज्ञावलीच्या वागण्याविषयी नसून तिच्या लिखाणाविषयी असतात. 'फायनल' हा शब्द लिहिला आहे की नाही, याचे उत्तर नि:संदिग्ध देता येते. परंतु खरी मर्यादाही येथेच आहे. फंक्शनवर टीप लिहिली आहे, हे यंत्राला कळते. ती खरी आहे का, पुरेशी आहे का, हे कळत नाही. इशारा टळावा म्हणून 'हे फंक्शन रक्कम वळती करते' एवढेच लिहिले, तरी यंत्र समाधानी होते, आणि वारसाला हवी असलेली माहिती कोठेच येत नाही. चेकस्टाइलच्या कर्त्यांनीही या तपासणीसोबत स्पष्ट म्हटले आहे, की क्लास वारशासाठी रचला आहे की नाही याचा निर्णय माणूसच करू शकतो. साधन केवळ तशा जागा दाखवते.

दुसरा धोका अतिरेकाचा. जुन्या, मोठ्या आज्ञावलीवर हे साधन प्रथमच चालवले, की हजारो इशाऱ्यांचा पाऊस पडतो. 'कव्हरिटी' हे व्यावसायिक साधन विकणाऱ्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१० साली आपले अनुभव लिहिले, त्यांत खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण तीस टक्क्यांपलीकडे गेले की लोक साधनाकडे दुर्लक्ष करू लागतात, असे नमूद केले आहे. मग खोट्यांबरोबर खरे इशारेही कचऱ्यात जातात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे.

अंमलबजावणीची रीत

या अनुभवांतून काही व्यवहारी संकेत रूढ झाले आहेत. पहिला, नियम थोडे असावेत आणि प्रत्येकामागचे कारण लिहिलेले असावे. कारण न सांगितलेला नियम लोक पाळत नाहीत, चुकवतात. दुसरा, जुन्या पापांचा पाढा वाचत बसू नये. आजचे सारे इशारे एका यादीत गोठवावेत, ती यादी वाढू देऊ नये, आणि नवी ओळ मात्र नियमाबाहेर जाऊ देऊ नये. हळूहळू यादी घटत जाते.

तिसरा, इशारा योग्य वेळी मिळावा. गूगलच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, त्यांच्याकडे असे इशारे वेगळ्या अहवालात न देता, सहकाऱ्याने आज्ञावली तपासण्याच्या टप्प्यावरच दाखवले जातात, आणि ज्या तपासणीचे निरुपयोगी इशारे दहा टक्क्यांहून कमी असतील तीच ठेवली जाते. प्रोग्रॅमरच्या डोक्यात विषय ताजा असतानाच दुरुस्ती होते. सहा महिन्यांनी आलेल्या अहवालाला तो कोणत्या तोंडाने सामोरा जाणार?

चौथा संकेत सर्वांत महत्त्वाचा: सूट हवी असेल, तर तीही लेखी हवी. ब्रिटनच्या मोटार उद्योगाने १९९८ साली सी भाषेसाठी 'मिस्रा' ही नियमावली काढली. तिच्यात १२७ नियम होते. त्यांतील ९३ आवश्यक आणि ३४ सल्ल्याचे. या परंपरेत आवश्यक नियम मोडता येतो, पण कोणता, कोठे, का आणि त्याने धोका का वाढत नाही, हे नोंदवावे लागते. साधनाचे तोंड बंद करणारी एखादी गुपचूप ओळ आणि कारणासह नोंदवलेली सूट, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली पुढच्या माणसाला फसवते, दुसरी सावध करते.

नियम भाषेतच शिरतो, तेव्हा

काही नियम इतके उपयुक्त ठरतात, की ते साधनापुरते न राहता भाषेतच समाविष्ट होतात. जावामधील चाचण्यांच्या 'जेयुनिट' या ग्रंथालयाच्या जुन्या आवृत्तीत 'सेटअप' हे फंक्शन एका विशिष्ट स्पेलिंगनेच लिहावे लागे. मधले 'यू' हे अक्षर मोठ्याऐवजी लहान लिहिले, की ते वारशाने आलेल्या फंक्शनची जागा घेत नसे. गुपचूप एक नवे फंक्शन तयार होई आणि ते कधीच चालत नसे. पीएमडीमध्ये केवळ या स्पेलिंगसाठी एक तपासणी होती! २००४ च्या जावा ५ मध्ये '@ओव्हरराइड' ही खूण आली. 'मी वारशाने आलेलेच फंक्शन बदलत आहे' असे प्रोग्रॅमरने स्पष्ट लिहिले, की ते खोटे ठरल्यास कंपायलरच अडवतो. सी प्लस प्लसमध्ये अशीच सोय २०११ साली आली आणि 'फायनल' हा शब्दही त्याच वेळी आला.

२०१६ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या कॉटलिन भाषेने तर पारडेच उलटवले. तेथे प्रत्येक क्लास मुळातच वारशाला बंद असतो. तो खुला करायचा तर तसे लिहावे लागते. २०२१ च्या जावा १७ मध्ये 'सील्ड' क्लास कायम झाले: कोणते वारस चालतील याची नावानिशी यादीच देता येते. मौनाचा अर्थ 'होकार' धरायचा की 'नकार', हा प्रश्न कॉटलिनने नकाराच्या बाजूने सोडवला.

तरीही साधनांचे काम संपलेले नाही. कारण जुन्या भाषांत लिहिलेला प्रचंड ऐवज अजून वापरात आहे, आणि प्रत्येक संस्थेचे स्वतःचे नियम भाषेत कधीच येणार नाहीत. 'शुल्काचा हिशेब करणाऱ्या क्लासने थेट खात्याची शिल्लक बदलू नये', हा नियम एका बँकेचा आहे. तो तिनेच लिहायचा आणि तिनेच तपासायचा. 'आर्चयुनिट'सारख्या साधनांनी असे घरचे नियम चाचणीच्या रूपात लिहिण्याची सोय केली आहे.

आपल्या दाराशी

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये आज्ञावलींच्या विश्लेषणावर दीर्घकाळ संशोधन झाले असून, तेथे तसे साधनही घडले आहे. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या शास्त्राच्या पायाभूत तंत्रावरील इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंजवडी, एरोली वा नागपूरच्या मिहान परिसरात काम करणाऱ्या तरुणांपैकी अनेकांचा दिवस दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली सांभाळण्यातच जातो. ती लिहिणारा नोकरी बदलून केव्हाच निघून गेलेला असतो. अशा उद्योगात 'सर्वांना ठाऊक असलेला' नियम म्हणजे दोन वर्षांत कोणालाच ठाऊक नसलेला नियम.

आता तर आज्ञावलीचा काही भाग कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लिहू लागली आहेत. त्यांनी लिहिलेला क्लास व्याकरणशुद्ध असतो आणि वाचायलाही नेटका दिसतो. पण संस्थेतील जाणत्या माणसाच्या मनात काय होते, हे त्यांना कोण सांगणार? लिहिण्याचा वेग वाढला, की तपासणीची गरज कमी होत नाही, वाढतेच.

म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने आणि ते विकत घेणाऱ्या बँकेने, रुग्णालयाने वा सरकारी खात्यानेही तीन साधे प्रश्न विचारावेत. रचनेचे नियम लिहिलेले आहेत का? ते प्रत्येक बदलाच्या वेळी आपोआप तपासले जातात का? आणि सूट दिली असेल, तर ती कोणी व का दिली, याची नोंद सापडते का? तिन्ही उत्तरे 'होय' आली, म्हणून सॉफ्टवेअर निर्दोष ठरत नाही. पण 'नाही' आली, तर शंभर कामगारांच्या पगारातून दुप्पट शुल्क केव्हा कापले जाईल आणि त्याचे कारण शोधायला किती रात्री जागाव्या लागतील, हे कोणालाही सांगता येणार नाही.